हरकत आहे, सूचनाही आहे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवले-सापडले आणि नावात बदल यांच्या शेजारी, बारीक टाइपात एक मजकूर अधूनमधून छापून येतो. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...' अशी त्याची सुरुवात असते आणि 'हरकती व सूचना मुदतीत सादर कराव्यात, मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही' असा शेवट असतो. हा मजकूर आपण वाचत नाही. 'संबंधित' म्हणजे कोणी तरी दुसरे, असे आपण धरूनच चाललेलो असतो. रस्ता रुंद झाला, कर वाढला, समोरच्या मोकळ्या जागेवर इमारत उभी राहिली, की मग चहा पिता पिता 'आपल्याला कोण विचारतंय' असे म्हणायला आपण मोकळे.

आमच्या घरात ही सवय थोडी मोडली. ती मोडली एका ड्रोनमुळे, आणि त्याहून अधिक कुरडयांमुळे.

त्याचे असे झाले. माझा पुतण्या इथे सांगलीतच अभियांत्रिकी शिकतो. शाळेत असल्यापासून त्याला मोटारी, तारा आणि बॅटऱ्यांचा नाद. सुटे भाग मागवून, रात्र रात्र सोल्डरिंग करून त्याने एक छोटा ड्रोन जोडला. चार पंखे, मध्ये तळहाताएवढी पट्टी, तिच्या पोटाशी एक कॅमेरा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरले दोनशे चाळीस ग्रॅम, म्हणजे साखरेच्या पाव किलोच्या पुडीपेक्षा किंचित कमी. २०२५ च्या एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी तो आमच्या गच्चीवरून उडाला, वाऱ्याने भरकटला आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उतरला. तिथे आजींनी पहाटे उठून घातलेल्या कुरडया वाळत होत्या. ड्रोन बरोबर त्यांच्या मधोमध पडला.

या आजी निवृत्त मुख्याध्यापिका. पुतण्या मान खाली घालून ड्रोन परत मागायला गेला, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "कुरडया गेल्या त्याचं काही नाही रे, पुन्हा घालीन. पण त्याला डोळा आहे ना? मी सकाळी इथं केस वाळवत बसते. कुणाला विचारून बघत होतास?"

"आजी, मी बघत नव्हतो," पुतण्या म्हणाला. ते खरेच होते. पण कॅमेरा चालू होता आणि चित्र त्याच्या मोबाइलवर येत होते. 'बघत नव्हतो' हे पटवून द्यायला त्याच्याकडे काहीच नव्हते.

ही गोष्ट तिथेच मिटली असती. पण सप्टेंबरात तो एका संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "काका, हे वाचलंत का? तीन वर्षं तुरुंग म्हणतायत!" केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने १६ सप्टेंबर २०२५ रोजी नागरी ड्रोनविषयीच्या नव्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या होत्या आणि मुदत दिली होती ३० सप्टेंबरपर्यंत. मसुदा आला पितृपंधरवड्यात आणि मुदत संपणार होती नवरात्रात.

"मग लिही की तुझं म्हणणं," मी म्हणालो.

"आपलं कोण वाचणार, काका?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही दोघे बसलो. जे सापडले ते आम्हा दोघांनाही अनपेक्षित होते.

पतंग, पिझ्झा आणि पिवळा पट्टा

आपल्याकडे हवेत उडणाऱ्या वस्तूंचा मूळ कायदा १९३४ चा. त्यातली विमानाची व्याख्या इतकी ऐसपैस होती, की फुगे, ग्लायडर आणि चक्क पतंगही तीत मोडत. नव्वद वर्षे हा कायदा चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. संक्रांतीला गच्चीवर चढणारे आपण सगळेच कागदोपत्री वैमानिक होतो, म्हणायचे! अर्थात पतंगाला कोणी परवाना मागितला नाही, कारण कायदा आणि व्यवहार यांच्यात शहाणपणाची एक पोकळी होती.

ड्रोन आला आणि ती पोकळी संपली. २०१४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका दुकानाने ड्रोनने पिझ्झा घरपोच केल्याची बातमी गाजली आणि पोलिसांनी चौकशी सुरू केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढली, की नियम होईपर्यंत खासगी व्यक्तींनी वा संस्थांनी ड्रोन उडवू नये. नियम व्हायला चार वर्षे लागली. ते १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. त्यात ड्रोनच्या वजनाप्रमाणे पाच पायऱ्या ठरल्या. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत लहान, दीडशे किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठा.

मधल्या बंदीच्या काळात नाद असलेली मुले काय करत होती? तीच पुढे कामाला आली. २००९ च्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात वसतिगृहाच्या खिडकीबाहेर तरंगणारे ते चार पंखांचे यंत्र आठवते? ते पवईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी सुरू केलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीने बनवलेले होते. आज ही कंपनी आपल्या सैन्याला ड्रोन पुरवते. छंद आणि उद्योग यांच्यामधली भिंत किती पातळ असते, त्याचा हा पुरावा.

आता मुख्य गोष्ट. १२ मार्च २०२१ रोजी ड्रोनसंबंधी नवे, सविस्तर नियम राजपत्रात आले. त्यात पंचवीस प्रकारचे अर्ज होते आणि बहात्तर प्रकारची शुल्के. जवळजवळ प्रत्येक उड्डाणाला परवानगी लागे. पाव किलोच्या आतला ड्रोनसुद्धा पंधरा मीटरपेक्षा, म्हणजे पाच मजली इमारतीपेक्षा वर जाण्याच्या क्षमतेचा असला, की त्याला वरच्या वर्गाचे नियम लागू. विमानतळाच्या हद्दीपासून पंचेचाळीस किलोमीटरपर्यंत पिवळा पट्टा, म्हणजे तिथे उडवायचे तर आधी परवानगी. आमची सांगली कोल्हापूरच्या विमानतळापासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे आमच्या गच्चीवरून विमान दिसो न दिसो, पिवळ्या पट्ट्याच्या मोजमापात आम्ही बसत होतो.

या नियमांविरुद्ध प्राध्यापक, नवउद्योजक, शेतीसाठी ड्रोन वापरणारे आणि छंद म्हणून उडवणारे अशा अनेकांनी लेखी तक्रारी केल्या. सरकारने त्या ऐकल्या, आणि ऐकल्याचे मान्यही केले. जुलैच्या मध्याला नवा मसुदा आला. नियम फार जाचक आहेत, कागदपत्रे फार आहेत आणि मोकळेपणाने उडवता येईल असा भाग फार थोडा आहे, असे लोकांचे मत पडले, म्हणून बदल करीत आहोत, असे त्यासोबत सांगितले गेले. ५ ऑगस्टपर्यंत सूचना मागवल्या गेल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' लागू झाले. मार्चमधले नियम साडेपाच महिन्यांत इतिहासजमा झाले.

काय बदलले? पंचवीस अर्जांचे पाच झाले. जुलैच्या मसुद्यात ते सहा होते, म्हणजे शेवटच्या तीन आठवड्यांतही एक गळला. बहात्तर शुल्कांची चार झाली. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये ठरली. नॅनो ड्रोनला, तसेच धंद्यासाठी न वापरलेल्या मायक्रो ड्रोनला चालकाच्या परवान्याची गरज उरली नाही. आणि पिवळा पट्टा पंचेचाळीस किलोमीटरवरून बारा किलोमीटरवर आला. त्यामुळे कोल्हापूरच्या विमानतळाच्या पट्ट्यातून आम्ही सुटलो. दिल्लीतल्या एका फायलीतला एक आकडा बदलला आणि कृष्णाकाठच्या एका मुलाचा छंद परवानगीच्या रांगेतून बाहेर आला.

हे वाचून पुतण्याचा चेहरा जरा खुलला. मला मात्र वेगळेच आठवले. ते तीन आठवडे आम्ही सांगलीकर काय करीत होतो? जुलैच्या अखेरीस कृष्णेला महापूर आला होता. आयर्विन पुलाचे पाणी किती चढले, एवढी एकच बातमी आमच्यासाठी बातमी होती. हरकती आणि सूचना लिहायला कोणाच्या घरात कोरडा कागद होता? आणि गंमत अशी, की पाण्याखाली गेलेले आपले शहर आम्हाला वरून दाखवले ते ड्रोननीच. ज्यांनी ते मसुदे वाचले आणि लिहिले, त्यांनी आमच्या वतीनेही लिहिले. त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण दर वेळी दुसऱ्याने लिहावे आणि आपण सुटावे, हे बरे नव्हे.

सरकारची बाजू

एवढे होऊन २०२५ च्या मसुद्यात पुन्हा तुरुंग कशाला, असे विचारणे सोपे आहे. पण सरकारची काळजी अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी सुमारे हजार उड्डाणे विस्कळीत झाली आणि ऐन नाताळच्या तोंडावर सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. २०२५ च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन वापरले गेले, हे आपण रोजच्या बातम्यांतून पाहिले. असे यंत्र ज्याच्या हाती आहे तो कोण, हे सरकारला माहीत असावे, यात गैर काय?

म्हणून नव्या मसुद्यात नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र यांशिवाय ड्रोन बनवणे, जोडणे, विकणे वा उडवणे यांवर बंधन होते. विमा सक्तीचा होता. अपघातात कोणी दगावल्यास अडीच लाख आणि गंभीर जखमी झाल्यास एक लाख रुपये भरपाई होती. पोलिसांना झडतीचे आणि जप्तीचे अधिकार होते आणि काही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आम्ही कागदावर एक साधे गणित मांडले. पडणाऱ्या वस्तूचा तडाखा तिच्या वजनावर आणि उंचीवर ठरतो. हवेचा विरोध घटकाभर बाजूला ठेवला तर या दोहोंचा गुणाकार करायचा. पुतण्याचा ड्रोन पाव किलोचा, उंची पंधरा मीटर. उसावर किंवा तासगावच्या द्राक्षबागांवर औषध मारणारा ड्रोन टाकी भरल्यावर पंचवीस किलोच्या घरात जातो. आता तेवढ्या वजनाचा एखादा ड्रोन हिरव्या पट्ट्याच्या कमाल मर्यादेवर, म्हणजे चारशे फुटांवर, सुमारे एकशे वीस मीटरवर आहे असे धरू. वजन शंभर पट, उंची आठ पट, तडाखा आठशे पट! या दोघांना एकाच तराजूत घालून एकाच शिक्षेची भीती दाखवायची का? सायकल आणि ट्रक दोन्ही रस्त्यावर धावतात, म्हणून सायकलीला आपण ट्रकचा परवाना मागत नाही. २०२१ च्या नियमांत हा विवेक होता. शिक्षण, संशोधन वा करमणूक यांसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या पंचवीस किलोपर्यंतच्या 'मॉडेल' यंत्रांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट होती. ही सूट नव्या कायद्यातच लिहिलेली असावी, पुढे केव्हा तरी होणाऱ्या नियमांवर सोडू नये, ही झाली आमची पहिली सूचना.

खाली उभे असणाऱ्यांचे काय?

पत्र इथवर आले आणि पुतण्या एकदम थांबला. "काका, आजींचं काय?"

त्याने हा प्रश्न स्वतःहून विचारला, याचे मला मोठे समाधान वाटले. ड्रोनविषयीच्या चर्चेत उडवणारे बोलतात, विकणारे बोलतात, पोलीस बोलतात. ज्यांच्या डोक्यावरून तो जातो ती माणसे कुठेच बोलत नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात आणि मराठवाड्यात रात्री आकाशात फिरणाऱ्या दिव्यांनी लोकांची झोप उडाली होती. चोर टेहळणी करतात अशी आवई उठली, गावोगावी तरुणांनी काठ्या घेऊन रात्री जागून काढल्या. त्या दिव्यांमागे काहीही असो. वर काय आहे, कोणाचे आहे, विचारायचे कोणाला, हे माहीत नसले की भीती कशी पसरते, ते त्या दिवसांत दिसले.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. एखाद्या स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा फौजदारी गुन्हा आहेच. पण गच्चीवर केस वाळवत बसलेल्या आजींचे नकळत झालेले चित्रण कशात बसवायचे? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या वा घरगुती कामासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. छंदाचा कॅमेरा नेमका त्याच फटीतून निसटतो.

आम्ही आजींकडे गेलो. मसुदा त्यांना मराठीत समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावला, वहीचा एक कागद फाडला आणि शाळेतल्या सरावाच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. दुसऱ्याच्या घरावर, गच्चीवर किंवा अंगणावर कॅमेरा चालू ठेवून थांबायचे असेल, तर आधी सांगितले पाहिजे. ड्रोनवर बाहेरून दिसेल असा नोंदणी क्रमांक असावा. तक्रार करायची तर ती कोणाकडे, हे तालुक्याच्या ठिकाणी तरी ठाऊक असावे. आणि शेवटी: 'चूक करणाऱ्या मुलाला समज द्यावी, दंड करावा, पण पहिल्याच चुकीला तुरुंग दाखवू नये.' ज्यांच्या कुरडया गेल्या त्यांनीच हे लिहिले!

पत्र कसे लिहावे

आता इतके झाल्यावर, अशी पत्रे कशी लिहावीत याबद्दल आम्हाला जे उमगले ते वाचकांना सांगतो. ड्रोनचे सोडा, उद्या तुमच्या गावाचा विकास आराखडा आला तरी हे उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे, 'हा अन्याय आहे' एवढेच लिहू नये. कलमाचा क्रमांक द्यावा, त्यातला खटकणारा शब्द दाखवावा आणि त्याऐवजी काय हवे ते वाक्य स्वतःच लिहून द्यावे. फाइल चाळणाऱ्या अधिकाऱ्याचे काम जितके सोपे कराल तितके बरे. दुसरे, स्वतःचा अनुभव लिहावा. कायदा दिल्लीत बसून लिहिता येतो, पण सांगलीच्या गच्चीवर काय घडते हे तिथून दिसत नाही. तिसरे, दुसऱ्या बाजूचे म्हणणे आधी मान्य करावे. सुरक्षेची काळजी खोटी आहे असे म्हणणाऱ्याचे पुढचे कोणी वाचत नाही. आणि चौथे, मुदतीत पाठवावे.

मुदतीचीच आम्ही एक स्वतंत्र हरकत घेतली. 'हरकती आणि सूचना' हे शब्द वाटतात तितके पोकळ नाहीत. १८९७ च्या 'जनरल क्लॉजेस' कायद्याच्या कलम २३ मध्ये ते आहेत. जे नियम आधी प्रसिद्ध करून मगच करायचे असतात, त्यांच्यावर मुदतीत आलेल्या हरकती आणि सूचना विचारात घेणे हे त्या कलमाने सरकारवर बंधनकारक आहे. विधेयकांना ते कलम लागू नाही. पण २०१४ मध्ये केंद्र सरकारने स्वतःच धोरण आखले, की विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा. ड्रोनच्या मसुद्याला मिळाले त्याच्या निम्मे. मसुदा समजून घ्यायला एक आठवडा, लिहायला एक आठवडा, आणि त्यात घटस्थापना! कायदा जितका कडक, तितकी त्यावर बोलायची मुदत जास्त हवी.

परदेशातला एक दाखला आम्ही मुद्दाम जोडला. अमेरिकेत २०१९ च्या अखेरीस, प्रत्येक ड्रोनने उडताना आपली ओळख प्रसारित करावी, असा प्रस्ताव आला. त्यात इंटरनेटवरून सतत माहिती पाठवण्याचीही अट होती. लोकांकडून सुमारे त्रेपन्न हजार अभिप्राय आले. अंतिम नियमात ओळख सांगण्याची अट राहिली, पण इंटरनेटची अट गेली. सरकारला जे हवे होते ते मिळाले आणि लोकांना जे अशक्य वाटत होते ते वगळले गेले. हरकत आणि सूचना एकत्र गेल्या की असे होऊ शकते.

२८ सप्टेंबरला रात्री आम्ही ते पत्र ई-मेलने पाठवले. दोन पाने पुतण्याची आणि आजींचा कागद जसाच्या तसा फोटो काढून. त्याला उत्तर आले नाही. आठवड्याभराने आजींनी विचारले, "काही कळलं का रे?"

"नाही, आजी."

"मी वर्षानुवर्षं पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या," आजी म्हणाल्या. "उत्तर क्वचित यायचं. पण चिठ्ठी घरी पोचली की नाही, ते दुसऱ्या दिवशी मुलाकडं बघून कळायचं."

दिल्लीत ती चिठ्ठी पोचली की नाही, ते कायदा येईल तेव्हा कळेल. आमच्या दोन इमारतींपुरता नियम मात्र झाला आहे. उडवण्याआधी पुतण्या समोरच्या जिन्याखालून हाक मारतो, "आजी, दहा मिनिटं उडवतोय!" वरून उत्तर येते, "थांब जरा." दोन मिनिटांनी आजी गच्चीच्या कठड्याशी येतात, केस बांधलेले असतात. "हं, उडव आता," असे म्हणून त्या स्वतःही वर बघत उभ्या राहतात.